कोणाचीच नक्कल नसलेली माशी: ॲडम्स आणि ड्राय फ्लाय मासेमारी

गळाने मासे धरण्याच्या, कोकणात जिला गरवणे म्हणतात त्या, रूढ पद्धतीत गळाला खरे खाद्य लावले जाते आणि ते बहुधा पाण्याखाली सोडले जाते. फ्लाय फिशिंग या पद्धतीत खाद्याची जागा पिसे, केस आणि दोरा यांनी गळावरच बांधलेली कृत्रिम माशी घेते. आणि जी माशी बुडू न देता पृष्ठभागावर तरंगत ठेवायची असते तिला ड्राय फ्लाय, म्हणजे कोरडी माशी, असे म्हणतात. ही पद्धत मुख्यतः ट्राउट या थंड, वाहत्या पाण्यातील माशासाठी घडली. ट्राउटचे अन्न बव्हंशी जलकीटकांचे असते आणि हे कीटक ऋतूप्रमाणे, नदीप्रमाणे आणि दिवसाच्या प्रहराप्रमाणे बदलत राहतात. त्यामुळे मासेमाराने प्रत्येक कीटकासाठी वेगळी माशी बाळगावी, की एकाच माशीवर बहुतेक प्रसंग निभावून न्यावेत, हा वाद ड्राय फ्लायच्या इतिहासात आरंभापासून चालत आला आहे. त्याचा आढावा घेण्यासाठी ॲडम्स या अमेरिकी माशीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण ती कोणत्याही एका कीटकाची नक्कल म्हणून बांधलेली नाही, आणि तरीही जगभरच्या ट्राउट-नद्यांवर ती मासेमारांच्या डबीत हमखास आढळते.

दोन परंपरा

कृत्रिम माशी ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळातील रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातील मासेमार गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बांधतात असे वर्णन केले आहे. मात्र माशी मुद्दाम कोरडी ठेवून तरंगवण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात, टेस्ट आणि इचिन या नद्यांवर आकाराला आले. या नद्या चुनखडकातून झिरपणाऱ्या झऱ्यांवर पोसल्या जातात. त्यांचे पाणी नितळ, संथ आणि वर्षभर जवळजवळ एकाच पातळीचे असते, आणि पृष्ठभागावरून एकेक कीटक टिपणारा मासा काठावरून स्पष्ट दिसतो. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांच्या बांधणीवर आणि १८८९ मध्ये त्या वापरण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहून या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. मासा वर येताना दिसल्यावरच, त्या क्षणी तो जो कीटक खात असेल त्याच्या काटेकोर प्रतिकृतीने आणि प्रवाहाच्या उलट दिशेने फेक करूनच त्याला गाठावे, हे त्या सिद्धान्ताचे सार होते. पुढे हॅलफर्ड यांनी आपल्या नमुन्यांची संख्या ३३ वर आणली, पण प्रत्येक नमुना विशिष्ट कीटकाचा असावा हा आग्रह सोडला नाही.

१८९० मध्ये हॅलफर्ड यांनी आपल्या माश्यांचा एक संच न्यूयॉर्क राज्यातील थिओडोर गॉर्डन यांना पाठवला आणि ड्राय फ्लाय अटलांटिक ओलांडून गेली. त्याच राज्यातील कॅट्सकिल डोंगरातील नद्या खडकाळ आणि उतारावरून धावणाऱ्या असल्याने इंग्लिश माश्या तेथे लवकर भिजत व बुडत. म्हणून गॉर्डन व त्यांच्या मागून आलेल्या बांधणाऱ्यांनी ताठ पिसांची, विरळ अंगाची आणि उंच उभी राहणारी माशी घडवली. अशा पाण्यात माशाला निरखायला वेळच मिळत नाही, त्यामुळे माशी नेमकी कशासारखी दिसते यापेक्षा ती कोठे पडते आणि कशी वाहते याला अधिक महत्त्व आले. जॉर्ज ला ब्रांश यांनी १९१४ मध्ये वेगवान पाण्यातील ड्राय फ्लायवर लिहिलेल्या पुस्तकात याच बाजूने मांडणी केली. नक्कल श्रेष्ठ की मांडणी, म्हणजे माशी पाण्यावर सादर करण्याची रीत श्रेष्ठ, असा हा मूळ मतभेद आहे.

ॲडम्सचा जन्म या मतभेदाच्या दुसऱ्या बाजूला झाला. १९२२ मध्ये मिशिगन राज्यातील मेफील्ड या गावच्या लेन हॅलडे यांनी ती बांधली आणि ओहायोतील लोरेन येथील वकील चार्ल्स एफ. ॲडम्स यांनी ट्रॅव्हर्स सिटीजवळच्या बोर्डमन नदीत ती प्रथम वापरून पाहिली. त्यांच्याच आडनावावरून तिचे नाव पडले.

घडण

पारंपरिक ॲडम्समध्ये गळाच्या दांड्यावर मस्करॅट या पाणथळीत राहणाऱ्या, उंदराच्या कुळातील प्राण्याची करडी लव दोऱ्यावर पिळून अंग केलेले असते. कोंबड्याच्या पट्टेदार पिसांची दोन टोके पंख म्हणून बसवलेली असतात, आणि पुढच्या बाजूस एक तपकिरी व एक पट्टेदार अशी दोन पिसे एकत्र गुंडाळून गळाभोवती तंतूंचे वर्तुळ उभे केलेले असते. कोंबड्याच्या मानेवरील या लांबट, ताठ तंतूंच्या पिसाला हॅकल म्हणतात. गुंडाळल्यावर त्याचे तंतू कीटकाच्या पायांसारखे चहूबाजूंना पसरतात आणि माशीचा भार पृष्ठताणावर अनेक बिंदूंनी वाटला जाऊन ती तरंगते. ॲडम्सची खरी युक्ती या मिश्र हॅकलमध्ये आहे. पट्टेदार पिसातील गडद-फिकट पट्टे तपकिरी तंतूंमध्ये मिसळले की कोणताही एक रंग ठळक उरत नाही, माशीची कडा धूसर होते आणि त्या धूसरतेत हालचालीचा भास निर्माण होतो.

आज अधिक वापरात असलेले रूप म्हणजे पॅराशूट ॲडम्स. १९३०च्या दशकात रूढ झालेल्या पॅराशूट बांधणीत हॅकल गळाभोवती उभे न गुंडाळता एका उभ्या खुंटाभोवती आडवे गुंडाळतात. बांधणारा प्रथम गळ शिकंजात धरून दांड्यावर दोऱ्याचा पाया घालतो, वासराच्या पांढऱ्या केसांचा झुपका दांड्यावर बांधून तो दोऱ्याच्या वेढ्यांनी सरळ उभा करतो, शेपटीसाठी तपकिरी व पट्टेदार तंतू मिसळून लावतो, करडी लव पिळून मागे बारीक आणि पुढे किंचित जाड असे अंग करतो. शेवटी पिसाचे वेढे खुंटाभोवती वरून खाली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली येईल असे घेऊन दोरा गळाच्या नेढ्यामागे गाठीने बंद करतो. या रचनेत माशीचे अंग पाण्याच्या पातळ थरालाच चिकटून राहते, माशी बहुधा सरळच उतरते, आणि पांढरा खुंट वीस-पंचवीस हातांवरून मासेमाराला दिसतो; माशाला मात्र खालून तो फारसा खुपत नाही.

पिसांचा विषय येथे थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण ड्राय फ्लायचा भारताशी असलेला एक जुना संबंध त्यातच आहे. विसाव्या शतकात बराच काळ पाश्चात्त्य बांधणाऱ्यांना लागणारे स्वस्त हॅकल भारत आणि चीनमधील गावठी कोंबड्यांच्या मानेच्या कातडीसह जात असे. ही पिसे आखूड असत, त्यामुळे एका माशीला दोन-दोन लागत आणि लहान गळांसाठी योग्य तंतू शोधावे लागत. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरील, मेणाच्या थेंबासारखे पिवळसर ठिपके असलेल्या पिसांनाही सॅमन माशाच्या शोभिवंत माश्यांसाठी फार मागणी होती. भारतातून त्यांची निर्यात बंद झाल्यावर पाळीव पक्ष्यांच्या पिसांवर तो व्यवहार गेला. दरम्यान अमेरिकेत केवळ हॅकलसाठी कोंबड्यांची निवडक पैदास सुरू झाली. ऑरेगॉनमधील हेन्री हॉफमन यांनी पट्टेदार पिसांचा वंश सुधारला आणि १९८९ मध्ये तो कोलोराडोतील टॉम व्हायटिंग या कुक्कुटशास्त्रज्ञांकडे गेला. या कोंबड्यांच्या एकाच लांब पिसात अनेक लहान माश्या बांधून होतात, आणि ॲडम्ससारखी माशी घराघरांत बांधली जाऊ लागण्यात या सुधारणेचा वाटा मोठा आहे.

मासा काय पाहतो

ॲडम्स इतक्या वेगवेगळ्या कीटकांच्या जागी कशी चालते, याचे उत्तर माशाच्या दृष्टीच्या मर्यादेत शोधावे लागते. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे पाण्याखालील डोळ्याला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका शंकूतून, म्हणजे डोक्यावरील गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित अधिक असतो, म्हणजे ३० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाला सुमारे ६८ सेंटिमीटर व्यासाची खिडकी मिळते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा तळच परावर्तित करतो. प्रवाहाबरोबर येणारा कीटक प्रथम या आरशावर दिसतो, आणि तोही अंगाने नव्हे, तर पाय जेथे पृष्ठभाग दाबतात तेथे उमटणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यांनी. पंख आणि रंग यांचा प्रश्न तो खिडकीच्या कडेला आल्यावरच येतो. ॲडम्सच्या हॅकलचे तंतू हे ठिपके उमटवतात, तिचा आकार व करडा सूर अनेक कीटकांना लागू पडतो, आणि वेगवान पाण्यात पुढची तपासणी करण्याइतका अवधी माशाला मिळत नाही.

करड्या सुराचे कारण मेफ्लाय या कीटकगणाच्या जीवनक्रमात आहे. मेफ्लायची पिल्ले, ज्यांना निम्फ म्हणतात, पाण्यात वाढतात आणि पूर्ण वाढ झाल्यावर पृष्ठभागावर येऊन कात टाकतात. त्यातून बाहेर पडणारा धुरकट पंखांचा कीटक म्हणजे डन. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा हा कीटकांतील एकमेव विद्यमान गण असून, दुसऱ्या कातीनंतर त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक होतात आणि त्याला स्पिनर म्हणतात. डन पंख वाळेपर्यंत पाण्यावर बसून वाहत जातो आणि याच वेळी ट्राउट त्याला टिपतो. अनेक जातींचे डन करडे, तपकिरी किंवा मळकट हिरवट असतात, त्यामुळे योग्य आकड्याच्या गळावर बांधलेली ॲडम्स त्यांच्यातील कोणाचीही जागा घेऊ शकते. लहान आकारात ती चिलटांसारख्या कीटकांसाठी आणि मोठ्या आकारात कॅडिस या तंबूसारखे पंख मिटणाऱ्या कीटकासाठीही वापरली जाते. म्हणून अनुभवी मासेमार रंगापेक्षा आकाराला आधी जपतात आणि १२ ते १८ या आकड्यांच्या ॲडम्स एकाच डबीत ठेवतात; गळाचा आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

साधने

माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसल्याने ती फेकता येत नाही. फेकली जाते ती दोरी, आणि माशी तिच्यामागून जाते. त्यामुळे फ्लाय फिशिंगची सारी साधने दोरीच्या वजनावर मोजली जातात. १९६१ पासून अमेरिकेत रूढ झालेल्या मापनपद्धतीत दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेन या एककात घेऊन तिला क्रमांक दिला जातो. चार क्रमांकाची दोरी १२० ग्रेनची, पाच क्रमांकाची १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची असते. काठीवरचा क्रमांक ती कोणती दोरी पेलते हे सांगतो. मध्यम नदीवर ॲडम्ससाठी साडेआठ ते नऊ फुटांची, चार किंवा पाच क्रमांकाची काठी सर्वसाधारणपणे पुरते. झाडांनी आच्छादलेल्या ओढ्यावर सात फुटांच्या आसपासची तीन क्रमांकाची काठी अधिक सोयीची ठरते. काठी फार कडक असेल तर जवळच्या नाजूक फेकीत ती वाकतच नाही आणि बारीक धागा तोडते, म्हणून ड्राय फ्लायसाठी मध्यम लवचीक काठी पसंत करतात. रीळ येथे मुख्यतः दोरी साठवण्याचे काम करते, आणि दोरी अर्थातच तरंगणारी लागते.

दोरी आणि माशी यांच्यामध्ये पारदर्शक, निमुळता होत जाणारा धागा असतो. त्याला लीडर आणि त्याच्या शेवटच्या बारीक भागाला टिपेट म्हणतात. टिपेटची जाडी एक्स या मापाने सांगतात आणि ११ मधून हा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते. म्हणजे ५ एक्सचा टिपेट ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असतो. माशीच्या आकड्याला तीनाने भागले की साधारण योग्य टिपेट कळतो, म्हणून १४ किंवा १६ आकड्याच्या ॲडम्सला ५ एक्स लावतात. नऊ फुटांचा लीडर नेहमीच्या पाण्याला पुरतो, पण संथ आणि नितळ पाण्यात तो बारा फुटांपर्यंत वाढवतात. टिपेट नायलॉनचा असणे हिताचे, कारण फ्लुओरोकार्बन पाण्याहून बराच जड असल्याने बुडतो आणि लहान माशीला खाली ओढतो.

माशी कोरडी ठेवण्यासाठी दोन वेगळी द्रव्ये लागतात आणि त्यांची गल्लत ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. सिलिकोनयुक्त मलम कोरड्या माशीला, वापरण्यापूर्वी, बोटांवर विरघळवून अगदी थोडे लावायचे असते. भिजलेल्या माशीला ते लावले तर पाणी आतच कोंडले जाते. मासा लागल्यावर माशी चिकट होते, तेव्हा ती पाण्यात खळबळून धुवावी, कापडाने टिपावी आणि मग ओलावा शोषणाऱ्या भुकटीत घोळवावी. उलटा काटा दाबून सपाट केलेला गळ वापरल्यास मासा कमी इजा होऊन सोडता येतो, आणि बऱ्याच नद्यांवर तसा नियमच असतो.

मांडणी

ही सारी सामग्री शेवटी एकाच हेतूसाठी असते: माशीने आपण दोऱ्याला बांधलेले आहोत हे माशाला कळू देऊ नये. खरा कीटक प्रवाहाच्या वेगाने वाहतो. पण नदीचे पाणी सर्वत्र एका वेगाने वाहत नाही. समजा, मासा पलीकडच्या काठाजवळ, दगडामागच्या संथ पट्ट्यात आहे आणि मासेमार व तो यांच्यामध्ये वेगवान धार आहे. सरळ फेकलेली दोरी या धारेवर पडते, धार तिचा मधला भाग खाली ओढून नेते, दोरीला पोट सुटते, आणि दोन-तीन क्षणांत ते ताणले जाऊन माशी पाण्यावर आडवी घसरते व मागे बारीक रेघ सोडते. या घसरण्याला ड्रॅग म्हणतात, आणि डोळ्याला न दिसणारा ड्रॅगसुद्धा सावध ट्राउटला माशी नाकारायला पुरेसा होतो.

ड्रॅग टाळण्याचे सर्व उपाय म्हणजे दोरीत ढील ठेवण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने येऊन प्रवाहाच्या वर तिरपी फेक करणे हा पहिला मार्ग. यात दोरी व माशी जवळजवळ एकाच वेगाच्या पाण्यात राहतात आणि मासेमाराने येणारी ढील हाताने गोळा करत राहायचे असते. फेक थांबवल्यावर, पण दोरी पाण्याला लागण्यापूर्वी, काठीचे टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूस कलवले की दोरी वर पडते आणि माशीला काही अधिक फुटांची मोकळीक मिळते. ही रीच कास्ट वरील प्रसंगी सर्वांत उपयोगी ठरते. दोरी पडल्यावर काठीने तिचे पोट उचलून वर उलटवणे याला मेंड म्हणतात. फेकताना काठीचे टोक डावी-उजवीकडे हलवून दोरी नागमोडी पाडणे हा आणखी एक उपाय आहे. माशी माशाच्या जागेच्या दोन-तीन फूट वर पडावी. त्याच्या डोक्यावरून दोरी गेली तर फेक वाया गेली असे समजावे. मासा माशी घेतो तेव्हा काठी सावकाश उचलणे पुरते, कारण जोराचा झटका बारीक टिपेट तोडतो.

पॅराशूट ॲडम्सच्या गळाच्या वाकाला सुमारे दीड ते दोन फुटांचा टिपेट बांधून त्याच्या टोकाला एक लहान निम्फ लटकवण्याची रीतही रूढ आहे. मासा खालची माशी घेतो तेव्हा वरची थबकते किंवा बुडते, आणि ड्राय फ्लाय तरंगत्या खुणेचे काम करते. मात्र जड निम्फ लावल्यास ॲडम्स बुडतेच, म्हणून अशा वेळी फुगीर, फोमच्या माश्या बऱ्या.

मर्यादा

कोणतीही माशी सर्वत्र चालत नाही. नितळ, संथ पाण्यात मासा माशीमागे काही क्षण वाहत जाऊन ती निरखतो, आणि तेथे १९७१ मध्ये डग स्विशर व कार्ल रिचर्ड्स यांनी चोखंदळ ट्राउटवरील आपल्या पुस्तकात मांडलेल्या हॅकलविरहित माश्यांसारख्या नेमक्या नमुन्यांना पर्याय राहत नाही. संध्याकाळी अंडी घालून मेलेले स्पिनर पंख पसरून पडतात, तेव्हा उंच बसणारी पारंपरिक ॲडम्स कुचकामी ठरते. फेसाळ पाण्यात तिच्यापेक्षा हरणवर्गीय प्राण्याच्या पोकळ केसांची, अल ट्रोथ यांनी १९५७ मध्ये बांधलेली एल्क हेअर कॅडिस अधिक तरते. म्हणजे हॅलफर्ड यांचा आग्रह संथ पाण्यापुरता खरा आहे आणि ला ब्रांश यांचा धावत्या पाण्यापुरता; वाद कोणी जिंकला यापेक्षा तो कोणत्या पाण्यावर उभा राहून केला हे अधिक महत्त्वाचे आहे.

भारतात ट्राउटची ड्राय फ्लाय मासेमारी मुख्यतः हिमालयातील आणि निलगिरीतील थंड पाण्यात चालते. काश्मीरमध्ये १९०० साली ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांतून तपकिरी ट्राउट रुजला, नंतर हिमाचलातील नद्यांतही सोडला गेला, आणि लिद्दर किंवा तीर्थन या नद्यांवर ॲडम्स तितकीच उपयोगी पडते. महाराष्ट्राच्या नद्या ट्राउटला फार उष्ण आहेत. पाणी सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ट्राउट सोडून दिला तरी जगेल याची खात्री नसते, म्हणून जाणते मासेमार अशा दिवशी काठी खालीच ठेवतात.

बोर्डमन नदीवरील तीन धरणे २०१२ ते २०१८ या काळात पाडण्यात आली आणि जेथे ॲडम्स प्रथम तरंगली ते पाणी पुन्हा थंड, मोकळे वाहू लागले. माशीच्या दृष्टीने यात एक सरळ अर्थ आहे. ॲडम्स एखाद्या कीटकाला बांधील नसली तरी कीटकांच्या एका जगाला बांधील आहे. थंड, प्राणवायूने भरलेले पाणी आणि त्यात वाढणारे निम्फ उरले नाहीत, तर कोणाचीच नक्कल नसलेल्या या माशीला जागा घ्यायला कोणीच उरणार नाही.